चौकापुरता मास्क

कोरोना महामारीच्या दोन वर्षांत सोलापूरकरांना आपल्याच शहराचा एक नवा नकाशा तोंडपाठ झाला होता. सात रस्ता, पार्क चौक, विजापूर वेस, अशोक चौक ही नावे जुनीच. पण कोणत्या चौकात विनामास्क दंडाचे पावतीपुस्तक घेऊन पथक उभे असते आणि कोणत्या बोळातून गेल्यास ते टाळता येते, या हिशेबाने त्यांना नवे महत्त्व आले होते. दुचाकीस्वार सिग्नलच्या अलीकडे हनुवटीवरचा मास्क नाकावर चढवायचा आणि चौक ओलांडून पुढच्या पेठेत शिरला की पुन्हा खाली ओढायचा. भाजीच्या गाड्यापाशी आणि चहाच्या टपरीवर, म्हणजे जिथे त्याची खरी गरज होती तिथे, तो गळ्यात लोंबत असे. मोकळ्या हवेच्या चौकात मात्र शिस्तीत जागेवर असे. "काका, मास्क कुठाय?" असे पोलिसाने विचारले की "आहे की ओ साहेब, खिशात आहे," हे उत्तर ठरलेले. मला त्या उत्तरात लबाडीपेक्षा भाबडेपणाच अधिक वाटे, कारण मास्क हा वाहन परवान्यासारखा जवळ बाळगायचा आणि विचारल्यावर दाखवायचा कागद आहे, अशी अनेकांची प्रामाणिक समजूत होती.

मार्च 2021 च्या अखेरीस राज्य सरकारने विनामास्क फिरणाऱ्यास 500 रुपये आणि सार्वजनिक ठिकाणी थुंकणाऱ्यास 1000 रुपये दंड ठरवला. मावा चघळणाऱ्या आमच्या गावात या दरपत्रकावर चर्चा होणे अपरिहार्य होते. थुंकायचे तर आधी मास्क खाली ओढावा लागतो, म्हणजे दोन्ही गुन्हे एकाच क्षणी घडतात, मग पावत्या दोन फाडणार की एक, असा प्रश्न पानटपऱ्यांवर गंभीरपणे विचारला जाई.

वास्तविक तोंड झाकणे सोलापूरला कधीच अवघड गेले नव्हते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जाणाऱ्या या शहरात स्कूटरवरच्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून स्कार्फ गुंडाळतात, पुरुष डोक्याला आणि तोंडाला पंचा बांधतात, आणि त्यासाठी कोणालाही चौकात उभे राहावे लागत नाही. शिवाय हे गाव कापडाचेच. चादर आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग आहेत, तसेच शाळांचे गणवेश शिवणारे कारखानेही आहेत. शाळा बंद पडल्या, गणवेशाला गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा शिलाई मशिनींवर मास्क आले. पूर्व भागातल्या एका ओळखीच्या शिलाई करणाऱ्या बाईंनी मला दिलेला मास्क निळ्या-पांढऱ्या चौकडीचा होता. नाकावरची चूण इतकी नेटकी होती की ती शर्टाच्या कॉलरवर हात बसलेल्या बोटांनीच घातली असावी. तो पाहून शेजारच्या मुलाने क्षणात ओळखले, "काका, हा तर आमच्या शाळेचा शर्ट!" असे मास्क लोक हौसेने लावत, धूत, दोरीवर वाळत घालत. प्रोत्साहन म्हणतात ते मला तिथे दिसले. भोंग्यावरून रोज सकाळी ऐकू येणाऱ्या मास्क लावण्याच्या सूचनेत ते फारसे जाणवले नाही.

सरकारची कापडाविषयीची भूमिकाही बदलत गेली. सुरुवातीला, 2020 च्या एप्रिलमध्ये, घरी शिवलेला मास्क चालेल असा सल्ला होता. नोव्हेंबर 2021 च्या आदेशात मात्र रुमालाला मास्क समजले जाणार नाही आणि तो बांधणारा दंडास पात्र ठरेल, असे स्पष्ट लिहिले गेले. एकपदरी, सैल बांधलेल्या रुमालातून श्वासाबरोबरचे बारीक कण सहज निसटतात, त्यामुळे त्या नियमात तथ्य होते. परंतु खांद्यावरच्या रुमालानेच आयुष्यभर घाम, धूळ आणि ऊन निभावून नेलेल्या म्हाताऱ्याला ते पटवून देण्याचे काम कोणत्याही पावतीला जमण्यासारखे नव्हते.

त्याच आदेशातली दुसरी तरतूद मात्र चतुर होती. दुकानात विनामास्क गिऱ्हाईक आढळले तर त्याला 500 रुपये आणि दुकानाला 10,000 रुपये दंड. परिणामी पथकाचे निम्मे काम दुकानदारांनीच अंगावर घेतले. नवी पेठेतल्या एका साड्यांच्या दुकानदाराने दारातच एक पोऱ्या उभा केला होता. त्याच्या एका हातात सॅनिटायझरची बाटली आणि दुसऱ्या हातात मास्कचा खोका. "मावशी, मास्क लावा, मग काय पाहिजे ते बघा," असे तो अजिजीने म्हणे, आणि ज्या मावशींनी चौकातल्या पोलिसाला तोंडावर सुनावले असते त्या निमूटपणे दोऱ्या कानांमागे अडकवत. नकार देऊन साडी कोण सोडणार? दंडाच्या धाकाने शेवटी एवढे साधले, पण ते दुकानाच्या उंबरठ्यापुरतेच. बाहेर पडताना तोच मास्क मुठीत असे.

2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याला, राज्यातली सक्ती उठली. त्या पोऱ्याला आत साड्यांच्या घड्या घालायला बसवले. त्यानंतरही काही गिऱ्हाइके मास्क लावून येत राहिली, आणि कोणी अडवणारे नसताना त्यांच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाचा मास्क व्यवस्थित नाकावर होता.