वेनच्या डोंगरात जानेवारीतलं व्हाइटटेल हरीण: नर बसतो तिथवर पोचायचं कसं

ओहायोच्या आग्नेय भागात, कोलंबसहून रूट ३३ धरून तासाभर गेलं की नेल्सनव्हिल येतं. त्याच्या अवतीभवती वेन नॅशनल फॉरेस्टचं अथेन्स युनिट पसरलंय. सह्याद्री पायाखालून घातलेल्या माणसाला इथले डोंगर ठेंगणे वाटतील, कारण ओढ्यापासून धारेपर्यंतचा चढ क्वचितच शंभर मीटरच्या वर जातो. पण सोंडा (धारेवरून खाली उतरणारे डोंगराचे फाटे), घळी, पदर (उतारावरचे सपाट पट्टे), खिंडी सगळं तसंच आहे आणि हरणाचं सगळं गणित त्यावरच चालतं. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तीन संध्याकाळी इथे धनुष्य आणि क्रॉसबो (बंदुकीसारखा चाप ओढून बाण सोडायचं आडवं धनुष्य) घेऊन काढल्या. त्यातून पुढच्यांना उपयोगी पडेल ते इथे देत आहोत.

आधी कागदपत्रं. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे. ओहायोत धनुष्याचा हंगाम सप्टेंबरअखेरीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. शिकारीचा परवाना आणि हरणाचा परमिट वेगवेगळा घ्यावा लागतो आणि शिंगवाला नर वर्षाला एकच मारता येतो. पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, नाहीतर अनुभवी माणसासोबत अप्रेंटिस परवान्यावर जायचं. एच-१बीसारख्या व्हिसावर असलेल्यांना संघीय कायद्याने बंदूक जवळ बाळगायला मनाई आहे. वैध शिकार-परवाना हा त्यातला एक अपवाद. धनुष्य आणि क्रॉसबो मात्र बंदुकीत मोडत नाहीत. तारखा आणि मर्यादा दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

आता मुद्द्याचं. जानेवारीच्या मध्यापर्यंत थँक्सगिव्हिंगनंतरचा बंदुकीचा आठवडा, डिसेंबरमधला जोड शनिवार-रविवार आणि जानेवारीतला मझललोडरचा (तोंडाकडून बार भरायच्या बंदुकीचा) हंगाम एवढं सगळं या जंगलावरून गेलेलं असतं. चार-पाच वर्षांचा नर एवढ्या गर्दीतून वाचलाय याचा अर्थ तो उजेडात हलत नाही. नोव्हेंबरच्या माजात त्याचं वजन पाचव्या हिश्श्यापर्यंत उतरलेलं असतं. त्याला खायचं असतं आणि ऊब हवी असते, पण या दोन्हीसाठी तो बसल्या जागेपासून दिवसाउजेडी फार तर साठ-सत्तर पावलं चालतो. त्यामुळे शेताच्या कडेला मचाण बांधून वाट पाहण्यात अर्थ नाही, तो तिथे येईपर्यंत काळोख झालेला असतो. आपली बसायची जागा निवडण्याआधी तिथवर जायची वाट निवडा. वाट सापडत नसेल तर ती जागा सोडून द्या, कितीही खुणा दिसोत.

नर कुठे बसतो? वारा वायव्येचा असेल तर आग्नेयेकडे उतरलेल्या सोंडेवर, धारेच्या थोडं खाली, उताराच्या वरच्या तिसऱ्या भागात. पाठीमागून धारेवरून येणारा वारा त्याला मागचं सांगतो, समोरचा पानगळ झालेला उतार डोळ्यांना दिसतो आणि दिवसा उन्हाने तापून वर चढणारी हवा खालचा वास आणून देते. पडलेलं झाड, ग्रीनब्रायरची काटेरी जाळी किंवा द्राक्षवेलींचा गुंता पाठीशी असला तर जागा पक्की समजा. बर्फात बेड, म्हणजे हरणाची बसायची जागा, सहज ओळखू येतो. माद्या आणि पाडसं जवळजवळ बसतात, लहानमोठे चार-पाच ठसे दिसतात. मोठा नर एकटा बसतो आणि त्याचा ठसा चांगला मीटरभर लांब असतो.

खाण्याची जागाही याच सोंडेला लागून हवी. व्हाइट ओकची फळं शरदातच रुजतात आणि खाऊन संपतात. रेड ओकची फळं कडवट असतात, ती वसंतापर्यंत रुजत नाहीत, म्हणून जानेवारीत बर्फाखाली तीच उरलेली असतात. पदरावर पालापाचोळा उकरून काळी ओली माती वर आलेली दिसली तर ती खूण ताजी. पाच-दहा वर्षांपूर्वी तोड झालेल्या जागी कोवळ्या फांद्या खुडलेल्या दिसतील. टोक तिरकं, सुरीने कापल्यासारखं असेल तर तो ससा. फाटून चिंध्या झाल्या असतील तर हरीण, कारण त्याला पुढचे वरचे दात नसतात.

पहिल्या संध्याकाळी याच जागेवर फसगत झाली. दुपारी बर्फ वरून वितळून पुन्हा गोठलं होतं आणि प्रत्येक पाऊल पापड मोडल्यासारखं वाजत होतं. नर दीडशे यार्डांवरून उठून गेला, त्याच्या धावण्याचे खोल ठसे नंतर सापडले. असा कुरकुरीत बर्फ असेल तर जोराचा वारा असल्याशिवाय बेडकडे जाऊच नका. ताजा भुसभुशीत बर्फ, ओला पाला किंवा झाडं करकरतील इतका वारा, यातलं काहीतरी हवंच.

दुसऱ्या संध्याकाळी वाऱ्याने दगा दिला, आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे. आग्नेयेचा उतार हिवाळ्यात तीनच्या सुमारास सावलीत जातो. तोवर वर चढणारी हवा थांबते, दहा-पंधरा मिनिटं घुटमळते आणि मग गार होऊन ओढ्याकडे घरंगळू लागते. बेडच्या सरळ खाली बसलात तर दुपारी तुमचा वास वर जातो आणि नर उठतच नाही. सरळ वर बसलात तर संध्याकाळी वास त्याच्या अंगावर उतरतो. म्हणून बसायचं ते त्याच्या पातळीला किंवा किंचित खाली, पण आडव्या अंगाला, मधे एखादी उथळ घळ ठेवून. सावली पडली की तुमचा वास त्या घळीतून खाली निघून जातो आणि नर ज्या पदराकडे चालतो ती वाट मोकळी राहते. हवा तपासायला पावडरच्या बाटलीपेक्षा मिल्कवीडच्या म्हाताऱ्या चांगल्या. आपल्या रुईच्या कुळातलंच हे झाड. शेंगा शरदात गोळा करून खिशात डबीत ठेवायच्या आणि दर वीस मिनिटांनी एक सोडायची. पावडर हातभर अंतरावर विरते; म्हातारी शंभर यार्ड तरंगत जाते आणि हवा कुठे वळते, कुठे खाली बसते ते डोळ्यांना दिसतं.

तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या पात्रातून वाट धरली. अकराला गाडी सोडली आणि शेवटच्या दोनशे यार्डांना तास दिला: तीन पावलं, मग थांबून पाहणं. हा जुना कोळसा-खाणींचा मुलूख आहे. मंडे क्रीकच्या खोऱ्यात ओढ्यांचं पाणी गंजासारखं नारिंगी दिसतं आणि काही उतारांवर खाणी खचून खड्डे पडलेत, तेव्हा अनोळखी घळीत अंधारात पहिल्यांदाच पाऊल टाकू नका. परतीची वाटही उजेडात पाहून ठेवा. सकाळच्या बैठका आम्ही वगळल्या: नर पहाटेआधीच परतलेला असतो, अंधारात जाणारा माणूस त्याच्या अंगावरच जाऊन आदळतो.

झाडावर बसायचं म्हणाल तर सॅडल (खोडाला दोरीने टांगून बसायचा पट्टा) आणि तीन-चार स्टिक (खोडाला बांधून चढायच्या पायऱ्या) पुरतात, पण पानं नसलेल्या जंगलात पाच मीटरवरचा माणूस आभाळावर उठून दिसतो. बीच आणि कोवळा व्हाइट ओक हिवाळाभर वाळकी पानं धरून ठेवतात, त्यांच्या आडोशाचं खोड शोधा. नाहीतर उन्मळलेल्या झाडाच्या मुळांमागे जमिनीवरच बसा. बेडपासून ऐंशी यार्डांवर चढण्याच्या आवाजापेक्षा ते बरं. स्टिकच्या धातूला कापडी टेप गुंडाळा, थंडीत अॅल्युमिनियमची टणत्कार फार लांब जाते. जमीन सोडल्यापासून परत टेकेपर्यंत दोरीला बांधलेलंच राहा, आणि सरकारी जंगलात झाडाला स्क्रू-खिळे मारू नका.

चालताना जाड जाकीट पाठीला बांधा, अंगात मेरिनोचा एक थर पुरे. घाम आला की उणे आठ अंशांत तासाभरात कुडकुडायला होतं. कंपाउंड धनुष्याची (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याची) ओढ, म्हणजे ताणायला लागणारा जोर, थंडीसाठी चार-पाच पौंड उतरवा आणि मग पुन्हा नेम लावून घ्या, कारण बाण खाली पडू लागतो. फुगीर बाहीला दोरी घासते, तिला आर्मगार्ड बांधा. क्रॉसबो जमिनीवरच ताणा, बाण न लावता दोरीने वर ओढा, आणि खोडाला त्याचे हात आपटत नाहीत ना हे आधीच फिरवून पाहा.

सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास, कायदेशीर वेळ त्यानंतर अर्धा तास. नर पाच चाळीसला उठला, ताणला, रेड ओकच्या पदराकडे निघाला. डावं शिंग गळून पडलेलं, उजवं शाबूत. मधे वेलींचा गुंता होता, स्वच्छ नेम मिळाला नाही, बाण सोडला नाही. या दिवसांत शिंगं गळायला लागतात, म्हणून मादी समजून बाण सोडण्याआधी दुर्बिणीतून कपाळ पाहा. दोन गोल ताज्या खुणा दिसल्या तर तो नर आहे.

बाण लागलाच तर घाई करू नका. दोन्ही फुप्फुसांतून गेला असेल तरी अर्धा तास थांबा. रक्त गडद, काळपट लाल असेल तर यकृत, चार ते सहा तास. बाणावर हिरवट, घाण वासाचं काही असेल तर पोट, आठ ते बारा तास. रात्र गेली तरी चालेल. कोयोटी (कोल्ह्यासारखे तिथले प्राणी) नेतील या भीतीने लवकर मागे गेलात तर हरीण शेजारच्या खोऱ्यात जातं आणि कायमचं हरवतं. ओढून आणताना नारिंगी जाकीट घाला. मारलेल्या हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत करावीच लागते.

नर समोरच चरत असेल तर अंधार पडल्यावरही लगेच उतरू नका. चाळीस-पन्नास मिनिटं तसंच बसून राहा. तो पदरावर पुढे सरकला, पाल्याचा आवाज थांबला, की टॉर्च न लावता घळीने ओढ्यात उतरा आणि पाण्याच्या कडेने गाडीपर्यंत जा. त्याला तुमचा पत्ता लागला नसेल तर वारा पुन्हा त्याच दिशेचा आल्यावर तीच जागा आणखी एकदा वापरता येते. लागला असेल तर तो तिथे परत बसेल याचा भरवसा नाही, दुसरी सोंड शोधा.