चार सुती सळई

अभियंता दिनाला, म्हणजे विश्वेश्वरय्यांच्या जयंतीला, 15 सप्टेंबरला, आमच्या नागपूरच्या तंत्रनिकेतनात वादविवाद स्पर्धा असते. गेल्या वर्षी विषय मुलांनीच निवडला होता: ‘न्यूयॉर्कचे जुळे मनोरे विमानांमुळे नव्हे, आतून स्फोट करून पाडले गेले.’ मी पोलादी बांधकाम शिकवतो, म्हणून परीक्षकाच्या खुर्चीत मला बसवलं. 2001 साली जन्मलीही नव्हती ती मुलं या विषयावर इतक्या त्वेषानं बोलतील असं मला वाटलं नव्हतं.

विषयाच्या बाजूनं बोलणारा मुलगा हिंगण्याकडून बसनं येतो. स्थापत्यचं दुसरं वर्ष. वर्गात मागच्या बाकावर गप्प असतो. त्या दिवशी मात्र त्यानं अख्खा हॉल मुठीत घेतला. “पोलाद वितळते 1500 अंशाले. विमानाचं इंधन जळते फार तर हजार अंशाले. मंग बिल्डिंग पडली काहून? सांगा ना कोणी!” टाळ्या. विरुद्ध बाजूची मुलगी चाचरली आणि म्हणाली, “तसं सरकारी अहवालात लिहिलंय.” हॉल हसला. ती खाली बसली.

ते हसणं मला लागलं. तिचं म्हणणं बरोबर होतं, पण का बरोबर आहे हे तिला सांगता येत नव्हतं. आणि ते शिकवायचं काम माझं होतं. तापमान वाढलं की पोलादाची ताकद कशी उतरते, तो आलेख मी दरवर्षी फळ्यावर काढतो. मुलं तो वहीत उतरवतात आणि पाठ करतात.

मी निकाल थांबवला. म्हटलं, सगळे स्मिथी शॉपला चला.

आमच्या भट्टीवर मामा आहेत. तीस वर्षं लोखंड तापवण्यात गेली. त्यांना म्हटलं, मामा, चार सुती, अर्ध्या इंचाच्या सळईचा एक तुकडा द्या, टीएमटी नको, प्लेन. त्यांनी कोपऱ्यातून दीड-पावणेदोन फुटांचा तुकडा काढला, व्हाइसमध्ये आडवा आवळला आणि बाहेरच्या टोकाला तारेनं पाच किलोचं वजन टांगलं. सळई ढिम्म हलली नाही. मी त्या मुलालाच पुढं बोलावलं. त्यानं वजनाला हात लावून पाहिला, हळूच खाली ओढलं. सळई नावापुरती लवली आणि परत जागेवर आली.

“पोट्टेहो, मागं सरका,” म्हणत मामांनी ट्यूबलाइट बंद करायला लावली आणि गॅसची टॉर्च व्हाइसच्या तोंडाशी धरली. अंधारात आधी काहीच दिसेना. मग एक मळकट लाल ठिपका उमटला, जांभळ्याकडे झुकणारा. चाळीस-पन्नास मुलं, पण आवाज फक्त टॉर्चचा. लाल जरा उजळला आणि सळई लवायला लागली. तुटली नाही, वितळली तर मुळीच नाही. झोप आलेल्या माणसाची मान कलते तशी ती कलली आणि वजन खाली विटांवर टेकलं.

मामा म्हणाले, “अजून पिवळीबी नाही झाली. पानी व्हाले तर लय दूर आहे.”

साधारण 600 अंशाला पोलाद आपली निम्मी ताकद गमावतं. इमारत पडायला ते वितळावं लागत नाही, डोक्यावरचा भार पेलेनासं झालं की पुरे. दक्षिण मनोरा धडकेनंतर 56 मिनिटांनी पडला, उत्तर मनोरा 102 मिनिटांनी. विमानांनी काही खांब तोडले आणि उरलेल्यांवरचं अग्निरोधक आवरण खरवडून काढलं. आगीत मजले झोळासारखे लोंबले आणि त्यांनी बाहेरचे खांब आत ओढले. हे खांब आत वाकलेले फोटोत दिसतात. दक्षिण मनोऱ्याला धडक नंतर बसली, पण ती उत्तर मनोऱ्यापेक्षा खालच्या मजल्यांना. वर भार जास्त होता.

मात्र एक गोष्ट मी मुलांना तिथंच सांगितली. या सळईनं एवढंच दाखवलं की वितळण्याची गरज नव्हती. मनोरे असेच पडले, हे या दीड फुटानं सिद्ध होत नाही. त्यासाठी हजारो पानांचा तपास झाला आहे.

मला वाटलं, झालं. मुलगा मात्र तिथंच उभा राहिला. “सर, सात नंबरच्या बिल्डिंगीले तं विमान लागलंच नव्हतं.”

हा प्रश्न खरा आहे, आणि तो विचारणाऱ्याला वेडा ठरवणाऱ्यांचा मला राग येतो. मनोऱ्यांच्याच संकुलातली ही 47 मजली इमारत, त्याच दिवशी संध्याकाळी 5 वाजून 20 मिनिटांनी कोसळली. उत्तर मनोऱ्याच्या जळत्या ढिगाऱ्यानं तिला आग लागली. शहराच्या जलवाहिन्या फुटल्यामुळं खालच्या मजल्यांवरच्या आग विझवणाऱ्या तुषारांना पाणी मिळालं नाही, आणि आग सुमारे सात तास तशीच जळत राहिली. मी खडू घेतला. 15 मीटरची तुळई 400 अंशांनी तापली तर किती लांबेल? मुलांनी मोबाइलवर गुणाकार केला: सुमारे 7 सेंटिमीटर. मे महिन्यात आपल्याकडं रूळ का वाकतात हे नागपूरच्या पोरांना सांगावं लागत नाही. अधिकृत तपासाचा निष्कर्ष असा की लांबलेल्या तुळयांनी एक मुख्य तुळई तिच्या बैठकीवरून ढकलली, मजले खाली आले आणि 79 क्रमांकाचा खांब बाजूचा आधार सुटून वाकला. तिथून सगळी इमारत गेली.

“पण ते फ्री फॉलनं पडली, सर.”

हो, सव्वादोन सेकंद ती तशी पडली, म्हणजे खाली काहीच अडवत नसल्यासारखी. ऑगस्ट 2008 च्या मसुद्यात तपास करणाऱ्यांनी ते मान्य केलं नव्हतं. एका शाळेच्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकानं चित्रफितीवरून मोजणी करून जाहीर प्रश्न विचारला, आणि नोव्हेंबरच्या अंतिम अहवालात ते 2.25 सेकंद आले. आतला सांगाडा आधीच गेला होता आणि बाहेरचे खांब वाकल्यावर आठेक मजल्यांच्या उंचीपर्यंत वरच्या भागाला अडवणारं काही उरलं नव्हतं, असं अहवाल सांगतो. मसुदा चुकला होता आणि एका मास्तरनं तो दुरुस्त करायला लावला, हे मी मुलांपासून का लपवू?

एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. भाषणात तो म्हणाला होता, “त्या दिवशी चार हजार ज्यू कामावर गेलेच नाही.” त्यावरही टाळ्या पडल्या होत्या. तेव्हा माझे हात थरथरले होते. हल्ल्यानंतर इस्रायलच्या परराष्ट्र खात्याकडं सुमारे चार हजार नागरिकांची नावं जमली होती. हल्ला झालेल्या भागांत ते असावेत या भीतीनं नातलग विचारणा करत होते. आईबापांच्या काळजीचा तो आकडा. आठवडाभरात बैरूतच्या एका वाहिनीनं तो फिरवला आणि त्यांना हल्ला आधीच माहीत होता, असा त्याच लोकांवर आरोप केला. त्या दिवशी 2,977 माणसं मारली गेली. त्यांत शेकडो ज्यू होते.

मी त्याला एवढंच म्हटलं, “बेटा, पोलादाचा प्रश्न तुझा होता. हा आकडा कुठून आणलास?”

तो काही बोलला नाही. मामांनी दिवा लावला. निकालात पहिला नंबर कोणालाच दिला नाही, त्यावरून प्राचार्यांशी थोडी बोलाचाली झाली.

दुसऱ्या दिवशी तो तास सुरू व्हायच्या आधी उभा राहिला आणि वर्गाला म्हणाला, “चार हजारवालं मी चुकीचं बोललो.” मग त्या मुलीच्या बाकाकडं बघून, “हसायले नाही पाह्यजे होतं.” आणि खाली बसता बसता मला, “पण सर, सव्वादोन सेकंदाचं मले अजून पटलं नाही.”

मी त्याला सात नंबरच्या इमारतीचा अहवाल छापून दिला. सोमवारी तो पेन्सिलच्या खुणांनी भरलेली पानं घेऊन आला, चौदा प्रश्न लिहून. अकरांची उत्तरं दिली. उरलेल्या तिनांसाठी शनिवारी तास संपल्यावर आम्ही तिघं बसतो, ती मुलगीही येते.