नोंद 14: सापडलं! पॉइंट नाही, कॉइल नाही, टाकीचं झाकण

गेल्या नोंदीत मी लिहिलं होतं की चतुर्थीआधी माझ्या जुन्या बुलेटचे पॉइंट (प्लगच्या ठिणगीसाठी वीज जोडणारा-तोडणारा स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवणार. तो बेत रद्द. रविवारपासून गाडी एकदाही बंद पडलेली नाही. आणि ज्या कारणानं ती सहा आठवडे रस्त्यात उभी राहत होती, ते मीच जूनच्या पहिल्या पावसात माझ्या हातानं करून ठेवलं होतं. लिहायला जड जातंय, पण ही चूक आणखी कुणी करू नये म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

नोंद 12 आणि 13 ज्यांनी वाचल्यात त्यांना लक्षणं पाठ असतील. थंड इंजिन दुसऱ्या किकला सुरू. गोव्यातल्या फोंड्याहून निघालं की म्हार्दोळच्या आसपासपर्यंत झकास. मग दम तुटल्यासारखी ओढ कमी होते, दोन-तीन गचके, बंद. दहा मिनिटं थांबून किक मारली की पुन्हा चालू. पावसात हमखास, कोरड्या उन्हाच्या दिवशी क्वचित.

गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू, आणि पावसात जास्त. जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेट 350 वाल्याला एवढं सांगितलं की तो डोळे मिटून कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला, ठिणगी नीट पडायला मदत करणारा भाग) म्हणेल. मीही तेच म्हणालो. कंडेन्सर बदलला, प्लग आणि प्लग कॅप बदलली, कॉइल मित्राच्या गाडीवरची लावून पाहिली. पॉइंट घासून गॅप फीलर गेजनं 0.38 मिमीला आणला. त्यात नवा कंडेन्सर दोन दिवसांत गेला आणि माग आणखी गोंधळला. दुकानाचं नाव घेत नाही, पण हल्ली डबीवरच्या छपाईवर विश्वास ठेवू नका. माझ्या मते कुणाच्या तरी चालत्या गाडीवरून काढलेला जुना कंडेन्सर नव्या डुप्लिकेटपेक्षा शंभर पटींनी बरा.

खरं तर गाडी सांगत होती, मी ऐकत नव्हतो. बंद पडताना अँमीटरचा काटा नेहमीसारखाच हलत होता, म्हणजे पॉइंट उघडझाप करत होते. प्लग काढला की कोरडा आणि फिकट, म्हणजे पेट्रोलच कमी पोचत होतं. त्याचा दोष मी E20 ला, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला दिला. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं हे खरंच आहे, म्हणून कार्बोरेटरमधला मेन जेट (पेट्रोल मापून सोडणारं भोक) एक नंबर मोठा टाकला. फरक शून्य. आणि सर्वांत मोठी खूण वहीत माझ्याच अक्षरात होती: टाकी फुल्ल केली की गाडी तीन-चार किलोमीटरवर बंद, रिझर्व्हजवळ असली की पंधराला. स्पार्कला टाकीत किती पेट्रोल आहे याच्याशी काय देणंघेणं? हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही.

रविवारी दिवाडी बेटावर जायचं होतं. म्हार्दोळला नेहमीप्रमाणे दहा मिनिटं थांबलो. पुढे जुन्या गोव्यात फेरीच्या रांगेत लागलो. फेरी टेकली, माणसं उतरली, मी गिअर टाकून रॅम्पवर चढलो आणि अर्ध्यात इंजिन बंद. शेवाळलेला उतार, मागे पंधरा-वीस स्कूटर, हातात पावणेदोनशे किलोची गाडी. दोघांनी मागून ढकललं म्हणून वर गेलो. मान वर करवत नव्हती.

माझ्या शेजारी पिवळ्या-काळ्या गाडीवरचा एक पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला होता, मागे सवारी. वय साठीचं असेल. मी प्लग पाना काढतोय हे पाहून म्हणाला, "पात्रांव, टांकीचें धांपणें उगडून पळय." (साहेब, टाकीचं झाकण उघडून बघ.)

मी झाकण फिरवलं. सूंऽऽ करून हवा आत गेली. स्पष्ट ऐकू आली, फेरीच्या इंजिनाच्या आवाजातसुद्धा. एक किक, आणि धड् धड् धड्.

नदी ओलांडेपर्यंत सगळा उलगडा झाला होता. जूनमध्ये कार्बोरेटरच्या फ्लोट बोलमध्ये (पेट्रोल साठणाऱ्या तळाच्या वाटीत) पाण्याचे थेंब सापडले होते (नोंद 11). E20 मध्ये पाणी म्हणजे डोकेदुखीच: जास्त झालं की इथेनॉल पाण्याला घेऊन वेगळं होतं आणि तळाशी बसतं, जिथून रिझर्व्हची नळी ओढते. म्हणून झाकणाच्या वॉशरला मी गॅस्केटचं सिलिकॉन लावलं होतं, भरपूर. ते झाकणातल्या श्वासाच्या भोकात गेलं. पाणी थांबलं, आणि हवाही थांबली. पेट्रोल नुसत्या वजनानं खाली येतं. वर हवा आत आली नाही की टाकीत ओढ (निर्वात) तयार होते आणि प्रवाह आटतो. फुल्ल टाकीत वर हवेची जागा थोडी, त्यामुळे थोडं पेट्रोल गेलं तरी ओढ लगेच वाढते. उन्हात टाकी तापली की पेट्रोलची वाफ ती ओढ भरून काढते. पावसात टाकी गार, वाफ कमी, गाडी बंद. पावसाचा संबंध होता, पण वायरिंगशी नव्हता. दहा मिनिटांत वॉशरमधून थोडी हवा झिरपायची, तेवढ्यावर पुढचा टप्पा.

अंदाजावर आता विश्वास उरला नाही, म्हणून सोमवारी मोजून पाहिलं. कार्बकडची नळी काढून बाटलीत सोडली, टाकी अर्धी, झाकण घट्ट. दीडशे मिलीच्या आसपास धार बारीक झाली आणि मग नुसते थेंब. झाकण उघडताच धार पूर्ववत. सिलिकॉन खरवडून काढलं, भोक बारीक तारेनं साफ केलं, झाकण लावून पुन्हा सोडलं: पूर्ण लिटरभर एकसारखी धार. ही परीक्षा पंधरा मिनिटांची आहे आणि खर्च शून्य. तुमची गाडी अशी बंद पडत असेल तर पॉइंटला हात लावण्याआधी ती करा. नुसतं झाकण उघडून आवाज ऐकलात तरी चालेल.

मंगळवारी मुसळधार पावसात फोंडा, खांडेपार, उसगाव, साखळी आणि परत. टाकी मुद्दाम फुल्ल. कुठेही थांबलो नाही. परतताना खांडेपारच्या पुलावर गाडी चौथ्यात अशी सुरेख ओढत होती की घरी वळायची इच्छा होईना. सहा आठवड्यांच्या नको त्या कामाचा एक फायदा झालाय: पॉइंट आणि टायमिंग इतके नीट कधीच नव्हते. गाडी आता इतकी सावकाश आयडल करते की प्रत्येक ठोका मोजता येतो. जेट मात्र जुना परत टाकणार.

पाण्याचा प्रश्न उरतोच. नवा रबरी वॉशर आणलाय, सिलिकॉनशिवाय बसवणार. झाकणावर सायकलच्या ट्यूबचं टोपण घालायचं ठरवलं होतं, पण हे लिहितानाच लक्षात आलं की तेही भोकावर चिकटून बसेल, म्हणजे तीच चूक पुन्हा. त्यापेक्षा भंगारातून एक जुनं झाकण घ्यावं, भोकावर छोटी नळी झाळून घ्यावी आणि पाइप हँडलच्या खाली सोडावा. डोंगरात चालवायच्या गाड्यांना असतो तसा. फोंड्यात झाळकाम करणारा एकजण पितळेचं काम छान करतो, उद्या त्याला विचारतो. तोवर गाडी साइड स्टँडऐवजी मेन स्टँडवर छपराखाली, आणि दर रविवारी फ्लोट बोलचा स्क्रू सोडून तळ तपासायचा.

त्या पायलटचे आभार मानायचे राहिले. फेरी लागली आणि तो सवारी घेऊन निघून गेला. येत्या रविवारी पुन्हा त्याच वेळी जुन्या गोव्याच्या धक्क्यावर जाऊन बघणार आहे.

पुढच्या नोंदीत प्रायमरी केसची (क्लच आणि त्याच्या साखळीवरच्या झाकणाची) तेलगळती. मधला नट आवळून आवळून मी आधीच केस किंचित वाकवली असावी असा संशय आहे. काचेवर ठेवून बघतो. नवा रबर सील बसवताना तुमच्यापैकी कुणी ग्रीस लावता का कोरडाच ठेवता, तेवढं कळवा.