टीव्हीपेक्षा रेकॉर्डर कामी आला

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात माझी अंगणवाडी आहे. 2021 मध्ये पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी ॲप सुरू झालं आणि मोबाइल म्हणजे हजेरी, वजन, उंची भरायचं काम, एवढंच डोक्यात बसलं. पुढे लोकवर्गणीतून टीव्ही आला. गाणी लावली की पोरं चिडीचूप. पालक खूश, भेटीला येणारे पाहुणेही खूश. मला मात्र ते गप्प बसणंच खटकायचं. तीन-चार वर्षांचं लेकरू बोलणार नाही, हात लावणार नाही, तर शिकेल कशानं? या वयाला दिवसभरात एका तासाच्या वर स्क्रीन नको, कमी तितकं बरं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्येच सांगितलंय. आमच्याकडे तो तास घरी जेवतानाच संपतो.

म्हणून मोबाइलमधला साधा रेकॉर्डर वापरायचं ठरवलं. त्याला नेट लागत नाही, हे सगळ्यात मोठं सुख. आधी गावातलेच आवाज भरले: हातपंप, चक्की, बैलांच्या घाट्या, वळणावर हॉर्न देणारी एसटी. एक छोटा ब्लूटूथ स्पीकर घेतला आणि कोठीवर ठेवला. आवाज लावायचा, पोरांनी ओळखायचा. मग 'कोणाच्या घरचा?', 'मोठा की बारीक?', 'आधी काय वाजलं, मग काय?' अशी बोलणी सुरू. पुढं शब्दांतले आवाज वेगळे ओळखता यावेत, अक्षरं वाचता यावीत, त्याची तयारी अशा ऐकण्यातूनच होते. पण पोरांना त्याचं काय! त्यांची भांडणं चक्की कोणाची यावरून.

मग गोष्टी. शेजारच्या आजीकडे मोबाइल घेऊन गेले तर म्हणाली, "काऊन वं बाई, माहा आवाज भरून काय करतं?" पण एकदा सुरू झाली ती थांबेचना. वऱ्हाडीतली ती गोष्ट वर्गात लावली, तेव्हा एरवी तोंड न उघडणारी एक पोरगी मधेच ओरडली, "हे त माही आजी व्हय!" आणि पुढची गोष्ट तिनंच सांगून टाकली. तिचं ते सांगणंही मी भरून घेतलं. दिवाळीनंतर पुन्हा तीच गोष्ट सांगायला लावली आणि दोन्ही रेकॉर्डिंग तिच्या आईला ऐकवले. वाक्यं किती लांबली, हे आईला मला समजावून सांगावं लागलं नाही.

फोटोंचाही उपयोग होतो. मदतनीसताई भाकर करत होत्या, तेव्हा पीठ, गोळा, थापलेली, तव्यावरची असे चार फोटो काढले आणि तालुक्याला झेरॉक्सवाल्याकडून छापून आणले. पोरं ते क्रमानं लावतात. कोणी तव्यावरची आधी ठेवली तर दुसरं लगेच भांडतं. पोरांचे चेहरे असलेले फोटो मी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत नाही. घरच्यांनी मागितले तर त्यांनाच दाखवते.

अडचणी आहेतच. लाइन जाते, स्पीकर मधेच मान टाकतो, म्हणून तो रात्री घरी चार्जिंगला नेते. कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरीच अर्धी होते, त्याला स्पीकर काय करणार? टीव्ही अजून लावते, पण एक छोटी क्लिप, मधे थांबवून, "आता काय होईल?" विचारत.

सध्या तान्हा पोळ्यासाठी, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्यासाठी, गावातल्या एका आजोबांकडून झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणायची पारंपरिक कवनं, भरून घेणं चालू आहे. त्यांची एकच अट आहे: पोरांनी त्या पाठ केल्या पाहिजेत, नुसत्या वाजवायच्या नाहीत.