रुंद नाक, कोंडलेला श्वास

ती ओपीडीत आली आणि बाकावरची माणसं उठून दाराकडे सरकली. का, ते तिला ठाऊक होतं. वास मात्र तिला येत नव्हता.

तक्रार एकच, नाक चोंदतं. आई दबक्या आवाजात म्हणाली, "सासरी हिचं ताट वेगळं ठेवतात हो, डॉक्टर."

दुर्बीण घातली. नाकाची पोकळी भलतीच रुंद आणि भिंतींवर हिरवट खपल्यांचे थर. अ‍ॅट्रोफिक ऱ्हायनायटिस, म्हणजे पीनस. यात अस्तर सुकत जातं, त्यावरचे सूक्ष्म केस हलेनासे होतात, शेंबूड जागीच वाळतो, त्यात जंतू माजतात आणि दुर्गंधी सुटते. हवा भरपूर आत जाते, पण ती गेल्याचं अस्तराला जाणवत नाही, म्हणून नाक बंद वाटतं. वासाची नसही निकामी होते. क्षय आणि कुष्ठरोग नाही ना, याच्या तपासण्या लिहून दिल्या.

कोमट द्रावणाने भिजवत खपल्या सोडवायला बराच वेळ लागला. घाई केली की रक्त येतं. तिने हूं की चूं केलं नाही.

मग नाक धुण्याची पूड, ग्लिसरीनमधले ग्लुकोजचे थेंब आणि सोडियम हायलुरोनेटचा स्प्रे लिहिला. नाव वाचून ती म्हणाली, "हे तर तोंडाला लावायचं असतं ना?" सीरमच्या जाहिराती सगळीकडे पोचल्या आहेत! हा पदार्थ आपल्या शरीरात असतोच. १९३४ साली मायर आणि पामर या शास्त्रज्ञांनी तो गाईच्या डोळ्यातून वेगळा काढला. तो पाणी धरून ठेवतो. सायनसच्या शस्त्रक्रियेनंतर मी तो वापरते, खपल्या कमी धरतात. मेलेलं अस्तर त्याने जिवंत होत नाही, आणि नाक न धुता नुसता स्प्रे मारणं म्हणजे पैसे वाया. पण दोन धुण्यांच्या मधल्या वेळात ओल टिकते, आणि या आजारात ओल टिकणं फार मोलाचं आहे.

पुढच्या खेपेला खपल्या पातळ, मऊ झाल्या होत्या, धुताना आपोआप सुटत होत्या. दुर्गंधी बरीच कमी. वास येणं परतलेलं नाही, ते परतेल असं मी तिला सांगितलंही नव्हतं.

त्या वेळी नवऱ्यालाही बोलावलं होतं. हा आजार ताटातून लागत नाही, हे त्याला स्पष्ट सांगितलं आणि पुडीचं प्रमाण त्याच्याकडून म्हणवून घेतलं: खायचा सोडा एक भाग, टाकणखार (बोरॅक्स) एक भाग, मीठ दोन भाग, २८० मिली कोमट पाणी.