अण्णांना तर नुसती अ‍ॅसिडिटी होती ना?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, कारण पंचवटीत भाजी घ्यायला गेले तरी कोणी ना कोणी हेच विचारतं, की तुमच्या सासऱ्यांना नुसती अ‍ॅसिडिटी होती मग एकदम अन्ननलिकेचा कॅन्सर कसा, आणि लगेच पुढचं, मिसळ फार खायचे का हो?

मिसळीला कशाला बदनाम करता. अण्णांनी सिगरेट ओढली नाही, दारूला शिवले नाहीत, पण तंबाखू-चुना मळून दाढेखाली, तो जन्मभर. थुंकली तरी थोडी लाळेबरोबर पोटात जातेच, आणि जाते ती याच नळीतून. या कॅन्सरचा आपल्याकडे जास्त दिसतो तो स्क्वॅमस प्रकार, म्हणजे नळीच्या आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींचा, त्यामागे तंबाखू आणि दारू ही मोठी कारणं. वर्षानुवर्षांच्या अ‍ॅसिडिटीशी संबंध आहे तो दुसऱ्या प्रकाराचा, तो बहुतेक खाली जठराजवळ होतो. आणि टपरीवरचा उकळता चहा तसाच घशात ओतत असाल तर जरा थांबा, ६५ अंशांच्या वरच्या पेयांनी बहुधा हा कॅन्सर होऊ शकतो असं डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने २०१६ मध्येच सांगितलंय.

लवकर का कळत नाही? नळी ताणली जाते, त्यामुळे वाट बरीच अरुंद होईपर्यंत घास अडतच नाही. आणि अडायला लागला तरी माणूस बोलत नाही, गुपचूप खाणं बदलतो. अण्णा आधी भाकरी आमटीत कुस्करायला लागले, मग भाकरीच नको, भातच बरा, मग भातावरही ताक, आणि घासागणिक पाण्याचा घोट. बघणाऱ्याला वाटावं दातांचं काहीतरी असेल. मधेच पट्ट्याला नवीन भोक पाडून आणलं.

घास अडतोय आणि वजन उतरतंय, तर अ‍ॅसिडिटीच्या बाटल्या पीत बसायचं नाही, सरळ एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची बारीक नळी घालून आत बघणं. घशात बधिर करणारा स्प्रे मारतात, काही मिनिटांचं काम, शंका वाटली तर तिथेच बायॉप्सीला तुकडा घेतात. मग सीटी स्कॅन वगैरे. अण्णांना आधी केमो-रेडिएशन दिलं, नंतर ऑपरेशन, त्यात खराब भाग काढून जठराचीच नळी करून वर छातीत ओढून जोडतात.

म्हणून भेटायला या जरूर, पण आग्रह करून वाढू नका. वाटीभरच खातात, दिवसातून सहा वेळा, दोन घास जास्त झाले किंवा गोड झालं की धडधडतं, घाम फुटतो. पेढे आमच्यासाठी आणा.