गरम पद्मिनी चालू होत नाही? आधी करंट बघा

सकाळी थंड असताना अर्ध्या सेल्फमध्ये चालू होते, वाईहून पसरणीचा घाट न थांबता चढते, पण पाचगणीला चहाला थांबलो की संपलंच, सेल्फ जोरात फिरतोय, बॅटरी मस्त आहे, पण गाडी पकडतच नाही. आणि अर्ध्या तासाने चावी फिरवली की लगेच चालू. आमच्याकडे वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे, 1089 सीसी, कार्ब्युरेटर आणि पॉइंटवाली (म्हणजे ठिणगीचा करंट उघड-बंद करणारे छोटे स्विच असलेली), आणि अशी जुनी गाडी ज्यांनी जपलीय त्यांना हा त्रास कधी ना कधी होतोच म्हणून सविस्तर लिहितोय.

इंजिन बंद केलं की फॅन थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, पण ब्लॉकमधली उष्णता तिथेच असते, त्यामुळे बॉनेटखालचं तापमान पहिली काही मिनिटं उलट वाढतं. पेट्रोलमधले हलके घटक 40 अंशांच्या आसपासच उकळायला लागतात, मग पंपात किंवा पाइपात वाफ अडकते नाहीतर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळीत) उतरतं आणि गाडी ओव्हर होते, म्हणजे पेट्रोल जास्त होऊन पकडत नाही. हे सगळं खरंय. म्हणूनच कुणालाही विचारा, उत्तर एकच, "एसी पंपावर (टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर) ओलं फडकं ठेवा."

आता माझं म्हणणं ऐका. फडकं शोधायचं, पाणी आणायचं, ठेवायचं, थांबायचं, यात वीस मिनिटं सहज जातात आणि तेवढ्या वेळात पंपाबरोबर प्लगच्या ठिणगीसाठी करंट देणारी कॉईल पण गार होते, पॉइंटला जोडलेला कंडेन्सर पण गार होतो. गाडी चालू झाली की श्रेय फडक्याला आणि खरा बिघाड तसाच. गॅरेजला नेली तर तिथे पोचून बॉनेट उघडेपर्यंत ती गार, मीटर लावला तर कॉईलचं रीडिंग बरोबर, म्हणजे मेकॅनिक तरी काय करणार बिचारा. म्हणून तपासणी करायची ती बंद पडलेली असतानाच, रस्त्यावर.

डिकीत एक जादा प्लग आणि प्लग पाना कायम ठेवा. गाडी अडली की पहिलं काम, कॉईलची जाड वायर डिस्ट्रिब्युटरवरून (प्लगांना करंट वाटणाऱ्या भागावरून) काढून त्या प्लगला लावायची, प्लगचा धातूचा भाग ब्लॉकला नीट टेकवून तिथेच अडकवायचा (हातात धरू नका, जबरदस्त झटका बसतो), कार्ब्युरेटरपासून लांब, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी तो जाऊ द्या. निळी, कडकड आवाज करणारी ठिणगी आली तर कॉईलपर्यंत तरी करंट ठीक आहे, पेट्रोलकडे बघा. आमच्या गाडीत बारीक, नारिंगी ठिणगी पडत होती, ती पण मधूनच. मग फक्त कॉईलवर ओलं फडकं गुंडाळलं, पंपाला हात लावला नाही, आणि थोड्याच वेळात ठिणगी निळी झाली. आतल्या वाइंडिंगचं इन्सुलेशन जुनं झालं की गरम असतानाच ते दगा देतं, थंडीत काही कळत नाही. हे बघितल्यावर मला इतकं बरं वाटलं, कारण वडील गाडी विकायचं बोलायला लागले होते.

ठिणगी चांगली असेल तर एअर क्लीनर काढा आणि इंजिन बंद ठेवून हाताने थ्रॉटल हलवून वरून आत बघा, पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर पेट्रोल आहे, कोरडं असेल तर वाफ धरलीय. ओव्हर झाली असेल तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरायचा, पंपिंग करायचं नाही, आणि सेल्फ मारायचा. पंप आणि ब्लॉकच्या मध्ये उष्णता अडवणारा एक जाड तुकडा असतो, पंप बदलताना तो पुन्हा बसवलाय ना तेवढं बघा. इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळे जुने रबरी पाइप आणि डायफ्राम पण लवकर खराब होतात, ते बदलून टाकलेले बरे.

सेल्फच जड फिरत असेल तर हा मामलाच वेगळा, अर्थिंगची पट्टी, केबल आणि सेल्फचे बुश तपासा.

आणि नवीन कॉईल घेताना दुकानात विचारा की ती रेझिस्टरवाली आहे की बिना रेझिस्टरची. रेझिस्टर लागणारी कॉईल थेट 12 व्होल्टवर जोडली तर ती जास्त तापते, पॉइंट जळतात आणि काही दिवसांत घाटात पुन्हा तोच त्रास सुरू होतो.